निर्यातीचा सल्ला कुणाला विचारायचा? तज्ज्ञाचा परिचय वाचण्याची रीत

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीत निर्यातीची एक दिवसाची कार्यशाळा होती. मुख्य वक्त्यांची ओळख करून द्यायलाच दहा मिनिटं गेली. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि डिजिटल विकास या क्षेत्रांतले तज्ज्ञ, इतक्या देशांत व्याख्यानं, इतक्या समित्यांवर सदस्य. माझ्या शेजारी देवगडकडचे एक म्हातारे बागायतदार बसले होते. टाळ्या थांबल्या तसे ते माझ्या कानाशी झुकून म्हणाले, "सगळा खरा असात. पण ह्येना कधी पेटी भरल्यान काय रे?"

मी हसलो आणि विसरलो. पुढच्या वर्षी दुबईला कोकम आगळाच्या बाटल्या पाठवायचं ठरलं, तेव्हा अशाच भारदस्त परिचयाच्या एका गृहस्थांकडे गेलो आणि फी भरली. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातला, १ मे २०२२ पासून लागू झालेला व्यापार करार त्यांना तोंडपाठ होता. मालाच्या मूळ देशाचा दाखला कसा घ्यायचा, शुल्क कुठे वाचतं, सगळं त्यांनी नीट समजावलं आणि ते बरोबरही होतं. माल तिथे पोचला आणि अडकला, कारण बाटलीवर अरबीत एक अक्षर नव्हतं. गोदामाचं भाडं चढत गेलं आणि नफा त्यातच जिरला. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आयुष्यभर करारांचे मसुदे वाचलेल्या माणसाने बाटलीला लेबल कधी चिकटवलंच नव्हतं, आणि मीही ते विचारलं नव्हतं. सुताराकडे दागिना घडवायला टाकला होता मी.

आंबा, काजू, कोकम, मासळी, नाहीतर घरबसल्या केलेलं डिझाइनचं काम परदेशी विकू पाहणाऱ्या नव्या माणसासाठी हे लिहितो आहे. निर्यात कशी करायची ते यात नाही. ते कुणाला विचारायचं आणि त्या माणसाची पार्श्वभूमी कशी तपासायची, एवढंच आहे.

पहिली पायरी: आधी आपला प्रश्न अर्ध्या कागदावर लिहा

"मला एक्स्पोर्ट करायचं आहे" हा प्रश्न नव्हे. माल कोणता, कोणत्या रूपात, कोणत्या देशात, तिथे घेणार कोण, जाणार कसा, पैसे येणार कसे, हे सहा मुद्दे लिहून काढा. लिहिताना जिथे पेन अडतं तिथे तुमचा खरा प्रश्न असतो.

कोकमाचंच बघा. सुकी आमसुलं मसाल्यात मोडतात. स्पायसेस बोर्डाच्या बावन्न मसाल्यांच्या यादीत कोकम आहे, त्यामुळे आमसुलं पाठवणाऱ्याची नोंदणी त्या बोर्डाकडे. पण त्याच फळाचं साखर घातलेलं सरबत झालं की वस्तू बदलते, तिचा कोड (सीमाशुल्कासाठी मालाला ठरवून दिलेला आकडा) बदलतो आणि विचारायचा माणूसही बदलतो. काजूचंही तसंच. सालासकट बी ०८०१३१ आणि सोललेला गर ०८०१३२. शेवटचा एक आकडा बदलला की शुल्काचं गणित बदलतं. हे सहा आकडे जगभर सारखे असतात. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून चालू आहे. पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो, आपल्याकडे एकूण आठ होतात. कोड ठरवणं हे एक स्वतंत्र कसब आहे. त्यात मुरलेल्या माणसाला अर्थशास्त्राचं ओ की ठो कळत नसेल तरी चालतं.

दुसरी पायरी: परिचय खालून वर वाचा

परिचयपत्रात वरच्या ओळी पदव्यांच्या आणि मानाच्या असतात, खालच्या ओळी कामाच्या. आपण वरून वाचतो आणि मध्येच दिपून थांबतो. उलटं करा. माणसाने पहिली पंधरा वर्षं कुठल्या टेबलावर काढली ते आधी शोधा. माणूस घडतो तो तिथे. नंतरची पदं बहुतेक वेळा त्याच्या जोरावर मिळालेली असतात.

"माजी वरिष्ठ सरकारी अधिकारी" या शब्दांनी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कुठल्या खात्याचा, हे विचाराच. विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे सगळे ज्याला डीजीएफटी म्हणतात ते, वाणिज्य मंत्रालयाखाली येतं. तिथले बरेच अधिकारी भारतीय व्यापार सेवेतले असतात. आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे आयईसी, तिथून मिळतो. कस्टम्स मात्र अर्थ मंत्रालयाखाली. तिथे महसूल सेवेचे लोक असतात आणि बंदरावर तुमचा माल उघडून बघायचा की नाही ते तेच ठरवतात. परदेशातल्या दूतावासात व्यापारविषयक काम केलेला माणूस तिसऱ्याच घरातला. तिथल्या बाजाराची आणि माणसांची त्याला जाण असते, पण शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सकडचा अर्ज, भरताना तो तुमच्याइतकाच चाचपडेल. तिघेही "माजी वरिष्ठ अधिकारी" असतात आणि तिघेही खरं बोलत असतात.

"संयुक्त राष्ट्रांसाठी सल्लागार" असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. जिनिव्हात व्यापारावर काम करणाऱ्या संस्था अनेक आहेत. अंक्टाड, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद, १९६४ ची. आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्र, आयटीसी, हेही त्याच वर्षीचं आणि लहान उद्योगांसाठी काम करणारं. जागतिक व्यापार संघटना, म्हणजे डब्ल्यूटीओ, १ जानेवारी १९९५ ची, पण ती संयुक्त राष्ट्रांची नव्हे. या संस्था दोन-तीन महिन्यांच्या कामासाठीही सल्लागार नेमतात. म्हणून एवढंच विचारायचं: काम कुठल्या देशात केलंत, कशावर, आणि किती दिवस? ज्याने खरंच केलं आहे तो खुशीने सांगत बसतो.

प्रमाणपत्रांचंही तेच. जागतिक व्यापार संघटनेचे ऑनलाइन अभ्यासक्रम सगळ्यांना खुले आहेत आणि आयटीसीच्या एसएमई ट्रेड अकॅडमीचे फुकट आहेत. ते जरूर करावेत, चिपळूणात बसून तुम्हीही करू शकता. पण भिंतीवर फ्रेम करून लावलेलं तसं प्रमाणपत्र म्हणजे अनुभव नव्हे.

तिसरी पायरी: खिडकीच्या कुठल्या बाजूला बसला होता ते विचारा

व्यापार म्हणजे खिडक्यांची रांग असते. कस्टम्सची खिडकी, बँकेची, वनस्पती संगरोधाची (म्हणजे मालात कीड-रोग आहे का ते तपासणाऱ्यांची), जहाज कंपनीची. प्रत्येक तज्ज्ञ यातल्या एखाद-दुसऱ्या खिडकीशी वाढलेला असतो, कुणी आत बसून, कुणी बाहेर उभं राहून. आतल्याला नियमाचा हेतू माहीत असतो. बाहेरच्याला तो नियम सकाळी अकरा वाजता कसा लावला जातो ते माहीत असतं. नवख्याला बहुतेक वेळा बाहेरचा माणूस लागतो.

त्यात पहिला म्हणजे कस्टम्स ब्रोकर, तुमच्या वतीने कस्टम्सचे कागद करून माल सोडवणारा. बाजारात अजून सगळे त्याला सीएचए, कस्टम हाउस एजंट, म्हणतात. कायद्यातलं नाव बदलून बरीच वर्षं झाली, जीभ बदललेली नाही. हा धंदा २०१८ च्या नियमावलीखाली चालतो. परवान्यासाठी लेखी परीक्षा असते, तीत उत्तीर्ण झालं की तोंडी, आणि ती सीमाशुल्क खात्याची राष्ट्रीय प्रशिक्षण अकादमी घेते. ही परीक्षा सोपी समजू नका. पास झालेल्या परवानाधारकाकडे एफ कार्ड असतं, त्याच्या हाताखालच्या, वेगळी परीक्षा दिलेल्या माणसाकडे जी कार्ड आणि धावपळ करणाऱ्या मदतनिसाकडे एच कार्ड. तुमच्याशी बोलणाऱ्याकडे कुठलं कार्ड आहे ते विचारायला लाजू नका. तुमचा आयईसी, जीएसटी आणि ओळख तपासणं हे त्याच्यावर नियमानेच बंधनकारक आहे. म्हणून कागद मागून तुम्हाला भंडावून सोडणारा ब्रोकर चांगला समजावा. "द्या हो, होऊन जाईल" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं.

आपलं भाग्य असं की देशातल्या कंटेनर वाहतुकीचं एक मोठं बंदर कोकणातच आहे. उरणजवळचं न्हावा शेवा १९८९ पासून चालू आहे आणि उरण-पनवेल पट्ट्यात या धंद्यात मुरलेले मराठी लोक ढिगाने भेटतात. लांजा-राजापूरची पोरं पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिथे हरकाम्या म्हणून लागली आणि आज जी कार्ड घेऊन फिरतात. त्यांच्या परिचयपत्रावर दोनच ओळी असतील. माझं अडलेलं काम सोडवलं ते अशाच एकाने, फोनवर, वडापाव खाता खाता.

दुसरा माणूस शास्त्रज्ञ, आणि त्याचं मोल आपल्याला आंब्याने शिकवलं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला. ऐन हंगामात. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा. अळूवडीचं पानही संशयित ठरेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. कारण शुल्काचं नव्हतं की राजकारणाचं नव्हतं. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. त्या काळात इथल्या सभांमधून डब्ल्यूटीओवर आणि युरोपच्या कारस्थानावर खूप भाषणं झाली. गाडं पुढे सरकलं ते कीटकशास्त्रज्ञ आणि वनस्पती संगरोधाचे अधिकारी यांच्यामुळे. निर्यातीचा माल मान्यताप्राप्त पॅकहाउसमधूनच जायचा, आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवायचा, असं सगळं बसवलं गेलं. युरोपचं पथक येऊन बघून गेलं आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली.

जपानने वीस वर्षं बंद ठेवलेला आंबा २००६ मध्ये घेतला तो उष्ण वाफेच्या प्रक्रियेनंतर. अमेरिकेने २००७ मध्ये घेतला तो विकिरणानंतर, किमान ४०० ग्रे मात्रेच्या. म्हणजे तीन बाजार, तीन प्रक्रिया. आता सांगा, "मला हापूस परदेशी पाठवायचा आहे" म्हणून आलेल्याला अर्थतज्ज्ञ काय सांगणार? तिथे फायटो (माल कीडमुक्त असल्याचा दाखला) कसा मिळतो, मँगोनेट या ऑनलाइन व्यवस्थेत बागेची नोंद कशी होते, साका (फळाच्या आतला गर खराब होणं) कसा टाळायचा, हे जाणणारा माणूस हवा. तो दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात भेटेल, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात भेटेल, जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात भेटेल. त्याच्या नावापुढे "आंतरराष्ट्रीय" असा शब्द नसतो आणि फीही नसते.

मासळीवाल्यांनी याहून पुढचं उदाहरण लक्षात ठेवावं. २०१९ मध्ये अमेरिकेने आपली समुद्रातली पकडलेली कोळंबी रोखली, ती कासवांपायी. ट्रॉलरच्या जाळ्यात कासव अडकलं तर त्याला बाहेर पडायला वाट देणारी जाळी बसवलेली असली पाहिजे, हा तिथला कायदा. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडताना टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना हा धागा ठाऊक असेल कोण जाणे. इथे तज्ज्ञ कोण? मासेमारीच्या जाळ्यांवर काम करणारा अभियंता. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशी जाळी भारतीय ट्रॉलरसाठी बनवली. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, आपल्या पोरांना या वाटेचं दार तिथे उघडतं.

बँकेच्या माणसाबद्दल थोडक्यात. तुमच्या गावच्या शाखेतला व्यवस्थापक परकीय चलनाचं काम करतोच असं नाही, त्यासाठी वेगळी शाखा असते. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या पैसे देण्याच्या हमीवर, माल पाठवणार असाल तर यूसीपी ६०० नावाची नियमावली रोज हाताळणारा माणूस गाठा. बँक माल बघत नाही, कागद बघते. पत्त्यातल्या एका स्पेलिंगवरून पैसे अडू शकतात. आणि लहान माणसाने सीएला एवढंच विचारावं, जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता माल बाहेर पाठवण्याचं हमीपत्र, यंदाचं भरलं आहे का?

वकिलाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की करून ठेवा. जागतिक व्यापार संघटनेत दावा फक्त सरकारं करू शकतात, तुम्ही-आम्ही नाही. त्यामुळे "डब्ल्यूटीओ कायद्याचे तज्ज्ञ" कितीही थोर असले तरी मस्कतच्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर ते उपयोगाचे नाहीत. तिथे करारपत्र बनवणारा आणि लवाद जाणणारा वकील लागतो. अर्थतज्ज्ञ लागतो तो बाजार निवडताना. यान टिनबर्खेन या डच अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडलं की दोन देशांतला व्यापार त्यांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. कोकणी माणसाला हे आखाताकडे बघून आधीच कळलेलं आहे. माल तिथे जातो जिथे आपला कुणीतरी मावसभाऊ राहतो.

चौथी पायरी: "डिजिटल" शब्दाची फोड करून घ्या

हल्ली प्रत्येकाच्या परिचयात "डिजिटल" असतंच. या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या जातीचे लोक वावरतात.

पहिला, कागदाचं संगणकात रूपांतर करणारा. सिंगापूरने १९८९ मध्ये ट्रेडनेट सुरू करून सगळ्या परवानग्या एका ठिकाणी आणल्या. आपल्याकडे कस्टम्सचं आइसगेट हे संकेतस्थळ आहे, २०१६ पासून एक खिडकी पद्धत आहे. ही माणसं सॉफ्टवेअरमधून नाहीतर कस्टम्समधून आलेली असतात. बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनी मालाची जी पावती देते तिचा) आपला जुना कायदा १८५६ चा होता, तो बदलून २०२५ मध्ये नवा आला. असे विषय यांचे. तुमचा माल आइसगेटवर अडकला असेल तर उपयोग यांचाच.

दुसरा, ऑनलाइन विकायला शिकवणारा. फोटो, जाहिरात, परदेशी संकेतस्थळावर दुकान उघडणं. तो उपयोगी आहेच, पण आगळाची बाटली विमानाने पाठवताना गळेल का, हे त्याला विचारू नका. लहान पार्सलांसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. तिथला पोस्टमास्तर या बाबतीत कधी कधी जास्त कामाचं सांगतो.

तिसरा, धोरणवाला. विदा (डेटा) कुठे साठवायची, संगणकातून जाणाऱ्या वस्तूंवर सीमाशुल्क लावायचं का, असे त्याचे प्रश्न. १९९८ मध्ये देशांनी ठरवलं की इलेक्ट्रॉनिक पाठवणीवर तूर्त शुल्क लावायचं नाही. ते "तूर्त" पुढे वर्षानुवर्षं लांबत गेलं आणि भारत व दक्षिण आफ्रिकेने त्यावर हरकती घेतल्या. आंबेवाल्याचं यात काही अडत नाही. पण कुडाळात बसून परदेशी कंपनीसाठी ॲनिमेशन करणाऱ्या मुलीने हा माणूस ओळखून ठेवावा.

मला भेटलेल्या "डिजिटल निर्यात तज्ज्ञां"पैकी बहुतेक दुसऱ्या जातीचे होते आणि पहिल्या जातीची फी घेत होते.

मध्येच एक सावधगिरी: पदवीवरून माणूस बाद करू नका

वरचं सगळं वाचून तुम्ही प्रत्येकाची पदवी तपासत सुटाल, म्हणून सांगतो. महाडजवळच्या नाते गावात १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले आणि वनस्पतिशास्त्रात त्यांनी पारितोषिक मिळवलं. पुढे ते आयसीएस झाले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या बाजूने बसले. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया जिथे घातला गेला त्या टेबलाशी आपला एक कोकणी वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पदवी बघितली असती तर त्यांना बागेत पाठवलं असतं.

गोव्यातल्या माशेलात जन्मलेले रघुनाथ माशेलकर रसायन अभियंते. पण ते प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने अमेरिकेतलं हळदीचं पेटंट आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, आणि त्यातून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. व्यापार आणि डिजिटल दोन्ही त्यात आलं. आज सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम, वेंगुर्ल्याचा काजू आणि २०१८ पासून हापूस यांना भौगोलिक मानांकन आहे, त्यामागेही हाच विचार आहे की आपलं ते नोंदवून ठेवावं.

बाहेरची उदाहरणंही तशीच. जागतिक व्यापार संघटनेचे माजी महासंचालक रोबेर्तो अझेवेदो हे शिक्षणाने विद्युत अभियंते. पण ब्राझीलच्या परराष्ट्र सेवेत त्यांनी व्यापार तंट्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्धच्या खटल्यात ते पुढे होते. त्यांच्यानंतर २०२१ मध्ये आलेल्या एन्गोझी ओकोन्जो-इवेला यांची जागतिक बँकेत पंचवीस वर्षं गेलेली, दोनदा नायजेरियाच्या अर्थमंत्री. व्यापार वाटाघाटींचा अनुभव नाही म्हणून त्यांच्यावर तेव्हा टीकाही झाली. नंदन निलेकणी मुंबई आयआयटीचे विद्युत अभियंते, सॉफ्टवेअर कंपनी काढलेले, आणि २००९ पासून आधारचं काम बघायला बसले. म्हणजे पदवी काही सांगत नाही, असं नाही. ती जेमतेम पहिलं पान सांगते. पुढची पानं कामाची असतात, आणि तीच वाचायची.

पाचवी पायरी: भेटीत विचारायचं ते

फार प्रश्न लागत नाहीत. माझ्याच मालासारखा माल तुम्ही शेवटचा कधी पाठवला? तो कुठे अडकला होता? तेव्हा काय केलंत? अडकलाच नाही म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ज्याच्या हातून चार खेपा अडकून सुटल्या आहेत तोच सोन्यासारखा माणूस.

उरणला एका ब्रोकरशी माझं झालेलं बोलणं जवळपास असं होतं.

"दादा, काजूगराचे डबे कितीदा काढलेत तुम्ही?"

"काजूगर? खोटं कशाला सांगू, माझा माल जास्त इंजिनिअरिंगचा. पण आमच्याकडे राजापूरचा एक पोरगा आहे, तो नट्सच बघतो. त्याला बोलवू?"

"बोलवा की."

"आणि काका, तुमचा आयईसी अपडेट केलाय ना? एप्रिल ते जूनमध्ये दरवर्षी करावा लागतो, काही बदल नसला तरी. नाहीतर बंद पडतो."

माझा बंद पडलेला होता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, पण न विचारलेल्याचं होतं. तेव्हापासून मी त्याच्याकडेच जातो.

फसवणुकीच्या खुणा

आयईसीची सरकारी फी ५०० रुपये आहे आणि अर्ज पॅनवरून ऑनलाइन होतो. तेवढ्याच कामाचे पाच-दहा हजार मागणारा कागद भरून देत असेल, पण स्वतःला तज्ज्ञ म्हणवत असेल तर उठा. "परदेशी खरेदीदार आमच्याकडे तयार आहे, आधी सभासद व्हा" म्हणणारा खरेदीदाराचं नाव कधी सांगत नाही. फोबमध्ये (माल जहाजावर चढेपर्यंतचा भाव) काय येतं आणि सिफमध्ये (त्यात जहाजभाडं आणि विमाही) काय, हे कागदावर रेघ मारून दाखवा म्हटल्यावर विषय बदलणारा उंटावरचा शहाणा समजावा. खर्च आणि जोखीम कुणाकडे ते सांगणाऱ्या इन्कोटर्म्स २०२० या नियमावलीत अशा अकरा संज्ञा आहेत. सगळ्या पाठ असायची गरज नाही, पण या दोन तरी यायला हव्यात.

उलट, फुकटची दारं आधी ठोठवा. जिल्हा उद्योग केंद्र, पणन मंडळ, शेतमालाच्या निर्यातीसाठीची सरकारी संस्था अपेडा, मासळीसाठी तशीच एमपेडा. तिथे तासभर बसावं लागतं, साहेब दौऱ्यावर असतात, दुसऱ्यांदा जावं लागतं. पण तिथून निघताना तुमच्या अर्ध्या कागदावरचे दोन-तीन प्रश्न कमी झालेले असतात आणि पैसे देऊन विचारायचा तेवढा एकच उरतो.

शेवटची पायरी: जाताना काय न्याल

तो अर्धा कागद. पॅन, जीएसटी, आयईसी, अन्न परवाना यांच्या प्रती. लेबलचा छापायला टाकण्याआधीचा नमुना. फी किती, ती कशासाठी, काम अडलं तर पुढचा फोन फुकट की पैशाने, हे आधीच बोलून घ्या. आपल्याकडे चहा झाल्यावर पैशाचं बोलायला जड जातं, म्हणून चहाच्या आधी.

आणि मालाचा खरा नमुना, विक्रीला जातो तसा, बंद करून. बोलायला लागण्याआधी बाटली टेबलावर ठेवा आणि बघत बसा. त्या कामात हात मळलेला माणूस तुमचं बोलणं पुरतं ऐकायच्या आतच ती उचलतो, उलटी करून बूच गळतं का बघतो आणि चष्मा कपाळावरून खाली घेऊन मागचं लेबल वाचायला लागतो.